अठ्ठावन्न खुर्च्यांचे सभागृह

६ सप्टेंबर २०२१ हा सोमवार होता. गणपती चार दिवसांवर आले होते, गल्लोगल्ली मंडपांची तयारी चालू होती, आणि बेळगाव महापालिकेची मतमोजणी होती. दुपारपर्यंत आकडा स्पष्ट झाला. ५८ पैकी ३५ जागा भाजपला, १० काँग्रेसला, एक एमआयएमला, बाकी अपक्ष. बेळगाव महाराष्ट्रात यावे म्हणून लढणाऱ्या ज्या महाराष्ट्र एकीकरण समितीने या सभागृहावर अनेक वर्षे वर्चस्व ठेवले, तिचे निवडून आलेले उमेदवार बोटांवर मोजता येतील इतकेच होते.

निकालाच्या प्रतिक्रिया बेळगावातून उमटायच्या आधी मुंबईतून उमटल्या. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या पराभवावर महाराष्ट्रात पेढे कसले वाटता, अशी टीका शिवसेनेचे संजय राऊत यांनी केली. भाजपच्या विजयी नगरसेवकांतही मराठी माणसेच आहेत, मग हा मराठीचा पराभव कसा, असे उत्तर देवेंद्र फडणवीस यांनी दिले. समितीने मतदान यंत्रांवर शंका घेतली, कारण मत कोणाला पडले हे दाखवणारी कागदी चिठ्ठी, म्हणजे व्हीव्हीपॅट, त्या यंत्रांना जोडलेली नव्हती. बंगळूरला हा नवे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या पहिल्या कसोटीचा निकाल वाटला. ते २८ जुलैला, म्हणजे जेमतेम सव्वा महिन्यापूर्वी, त्या खुर्चीवर बसले होते. एकाच निकालाचे चार अर्थ निघाले.

या चारही अर्थांत मला एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. बेळगावच्या माणसाने या निवडणुकीत नेमक्या कोणत्या सभागृहासाठी मत दिले, हे फारसे कोणी विचारले नाही. ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

मुदतीच्या मधे होणाऱ्या निवडणुकांपासून सुरुवात करू. अमेरिकेत अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, निवडणूक ठरलेल्या तारखेला होते आणि त्यात सभागृहाचा ताबा अनेकदा विरोधकांकडे जातो. आपल्याकडे तशी ठरलेली तारीख नाही. आपल्याकडे 'मध्यावधी' हा शब्द सरकार कोसळून मुदतीआधी होणाऱ्या निवडणुकीला वापरतात. पण मुदतीच्या मधेच सत्तेचे पारडे फिरण्याचे प्रसंग आपल्याकडेही येतात, कधी पोटनिवडणुकांतून, कधी महापालिका-जिल्हा पंचायतींतून. बेळगाव जिल्ह्याने दोन्ही पाहिले आहे.

जुलै २०१९ मध्ये काँग्रेस आणि धर्मनिरपेक्ष जनता दलाचे सतरा आमदार बाजूला झाले, आणि २३ जुलैला मुख्यमंत्री कुमारस्वामींचे सरकार ९९ विरुद्ध १०५ मतांनी पडले. त्या सतरांत तिघे बेळगाव जिल्ह्यातले होते: गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी आणि कागवाडचे श्रीमंत पाटील. विधानसभा अध्यक्षांनी सगळ्यांना अपात्र ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता कायम ठेवली, मात्र पुन्हा निवडणूक लढवायला मोकळीक दिली. ५ डिसेंबर २०१९ ला पंधरा जागांवर मतदान झाले. त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या भाजपच्या येडियुराप्पांना बहुमतासाठी किमान सहा जागा हव्या होत्या. मिळाल्या बारा, त्यात बेळगाव जिल्ह्यातल्या तिन्ही. निकालाच्या दिवशीच काँग्रेसच्या सिद्धरामय्यांनी विधिमंडळ पक्षनेतेपद सोडले, दिनेश गुंडूराव यांनी प्रदेशाध्यक्षपद सोडले. राज्याच्या विधानसभेचा ताबा कोणाकडे राहणार, हे ठरवण्यात मिरजेपासून हाकेच्या अंतरावरच्या कागवाडचाही वाटा होता. साडेतीन वर्षांनी, २०२३ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, कागवाड आणि अथणीच्या मतदारांनी त्याच दोन आमदारांना घरी बसवले. 

या सगळ्या घडामोडीत सीमाप्रश्न कुठेच नव्हता, याची नोंद केली पाहिजे. विधानसभेत २२४ खुर्च्या आहेत. त्यांत समितीचे आमदार अगदी भरभराटीच्या काळातही मोजकेच असत. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील असे दोघे आले. २०१८ मध्ये समितीत उघड दोन गट पडले, काही ठिकाणी दोन्ही गटांचे उमेदवार समोरासमोर आले, आणि एकही आमदार निवडून आला नाही. २०२३ मध्येही नाही. लोकसभेचे गणित याहून कठीण आहे. मराठी वस्तीचा हा सलग पट्टा तीन मतदारसंघांत वाटला गेला आहे. बेळगाव शहर आणि ग्रामीण भाग बेळगाव मतदारसंघात, निपाणी चिक्कोडीत, आणि खानापूर थेट कारवारच्या समुद्रापर्यंत पसरलेल्या उत्तर कन्नड मतदारसंघात. या तिन्हींतून केवळ मराठी मतांवर खासदार निवडून येणे जवळजवळ अशक्य आहे.

म्हणजे मराठी माणूस बहुमतात बसू शकेल असे महत्त्वाचे सभागृह एकच उरले, ते बेळगाव महापालिकेचे. म्हणून १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यापासूनचे सगळे दुःख, सगळी अपेक्षा त्या एका सभागृहावर येऊन पडली. शहराचे पाणी, गटार, घरपट्टी पाहणारी ही संस्था सीमाभागाची विधानसभा झाली. हे ओझे तिच्यासाठी बनवलेले नव्हते, पण बेळगावच्या लोकांकडे ते ठेवायला दुसरी जागाही नव्हती.

मागच्या काही पानांवर नजर टाकली की हे दिसते. २७ ऑक्टोबर २००५ ला महापालिकेने बेळगाव महाराष्ट्रात सामील करण्याचा ठराव केला. ११ नोव्हेंबरला महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले. एका निवडून आलेल्या महापौराचा तो अपमान बेळगाव अजून विसरलेले नाही. त्यानंतर दहा दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. २०११ मध्ये पुन्हा तसेच झाले. १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या राज्योत्सवाच्या दिवशी, समिती पाळत असलेल्या काळ्या दिनाच्या कार्यक्रमात महापौर मंदा बाळेकुंद्री आणि उपमहापौर रेणू किल्लेकर सहभागी झाल्या, आणि डिसेंबरात सभागृह पुन्हा बरखास्त झाले. १९७६ च्या कर्नाटक महापालिका कायद्याने सरकारला तो अधिकार दिलेला आहे.

इथे एक कायद्याची बाब स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजूंना गैरसमज आहेत. महापालिकेच्या ठरावाने राज्याची सीमा तसूभरही हलत नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार तो अधिकार संसदेचा आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा १३१ व्या कलमाखाली आहे आणि तो सरकारांमधला आहे, त्यात महापालिकेच्या मताला कायदेशीर वजन नाही. ठरावाला वजन होते ते नैतिक: इथल्या लोकांनी निवडलेले लोक हे म्हणत आहेत, एवढेच ते वजन. सरकारलाही ते जाणवत होते, नाहीतर एका निरुपयोगी कागदापायी सभागृह बरखास्त करायची गरज काय होती?

तिसरी गोष्ट २०१८ ची. त्या वेळी सभागृहात बहुमत समितीच्या बाजूचे होते. महापौरपदाचे आरक्षण दर वर्षी फिरते, आणि त्या वर्षी ते अनुसूचित जमातीसाठी निघाले. समितीकडे त्या प्रवर्गातला एकही नगरसेवक नव्हता. बसप्पा चिक्कलदिन्नी महापौर झाले, उपमहापौरपद मराठी गटाच्या मधुश्री पुजारी यांच्याकडे गेले. कोणी फुटले नाही, कोणी बरखास्त केले नाही, फक्त आरक्षणाचा तक्ता फिरला. या प्रसंगाची चर्चा तेव्हा 'सरकारचा डाव' म्हणून झाली. मला त्यात समितीने स्वतःकडे पाहण्याची एक संधी गेली असे वाटते. मराठी बोलणाऱ्या समाजात सगळ्या जातिजमाती येतात. एका प्रवर्गातला एकही माणूस आपल्या बाकावर नसावा, हे कोणत्याही चळवळीने मनाला लावून घ्यावे असे आहे.

मार्च २०१९ मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. पुढची अडीच वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. प्रभागांची नव्याने रचना झाली, त्यावर तक्रारी झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले, मधे कोरोना आला. डिसेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या इमारतीसमोर कन्नड कार्यकर्त्यांनी लाल-पिवळा ध्वज उभारला आणि तो तसाच राहिला. सभागृहात लोकांचे प्रतिनिधीच नव्हते, तेव्हा त्यावर तिथे बोलणार कोण?

याच काळात एक निकाल असा लागला की ज्याने सगळ्यांचे अंदाज चुकवले. केंद्रीय मंत्री सुरेश अंगडी यांचे सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने निधन झाले. त्यांच्या जागी एप्रिल २०२१ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भाजपच्या मंगला अंगडी जिंकल्या, पण काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींपेक्षा त्यांना फक्त पाच हजारांच्या आसपास मते जास्त होती. आणि समितीचा तरुण उमेदवार शुभम शेळके याला एक लाख सतरा हजारांहून जास्त मते पडली. मराठी तरुण पुन्हा समितीकडे वळला, अशी भावना गल्लीगल्लीत होती. आणि त्यानंतर पाच महिन्यांतच महापालिका हातची गेली.

एप्रिलमधली ती मते सप्टेंबरात गेली कुठे?

माझ्या मते ती फार दूर गेली नव्हती. त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा होता. लोकसभेला एकच उमेदवार, एकच चिन्ह, आणि खासदार होण्याची शक्यता नसल्यामुळे मत देणाऱ्याला स्वतःच्या अस्मितेचा उच्चार करण्याची मोकळीक होती. महापालिकेला एका प्रभागात सरासरी सात-आठ हजार मतदार असतात आणि त्या निवडणुकीत शहरातल्या निम्म्याच मतदारांनी मतदान केले. म्हणजे शंभर-दोनशे मते इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो. समिती हा निवडणूक आयोगाकडे नोंदलेला पक्ष नाही, तिचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहतात, प्रत्येकाला वेगळे चिन्ह मिळते. एका गल्लीत एक चिन्ह, पलीकडच्या प्रभागात दुसरे. शहरभर एक चिन्ह घराघरात पोहोचवायची सोयच नाही. पूर्वी हे चालून जायचे, कारण समोरचेही अपक्षच असत, आणि लढत मराठी गट विरुद्ध कन्नड-उर्दू गट अशी सरळ व्हायची. २०२१ मध्ये बेळगावात पहिल्यांदा राष्ट्रीय पक्षांनी आपापल्या चिन्हांवर निवडणूक लढवली. शहराच्या दोन्ही मतदारसंघांत तेव्हा भाजपचे आमदार होते, दक्षिणेत अभय पाटील आणि उत्तरेत अनिल बेनके. त्यांनी मराठी प्रभागांत मराठीच उमेदवार दिले. समितीने मात्र सगळ्या प्रभागांत अधिकृत उमेदवार दिले नाहीत, आणि जिथे दिले तिथेही काही ठिकाणी समितीचेच दोघे-तिघे रिंगणात होते.

व्हीव्हीपॅटचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मतदाराला आपले मत दिसले पाहिजे ही मागणी रास्तच आहे, आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत ती सोय सहसा नसते हेही खरे. पण एका प्रभागात आपल्याच बाजूचे तीन उमेदवार असले की यंत्राकडे बोट दाखवण्याआधी बेरीज करून पाहावी लागते.

फडणवीसांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण तेवढ्याने विषय संपत नाही. मराठी आडनावाचा नगरसेवक आणि मराठीच्या हक्कासाठी बोलणारा नगरसेवक हे दोन्ही एकच असतील असे नाही. पहिला पक्षाच्या शिस्तीत असतो. पक्षादेश मोडला तर पक्षांतरबंदीच्या कायद्याखाली त्याचे पद जाऊ शकते. समितीचा अपक्ष नगरसेवक या भीतीतून मोकळा असतो, पण त्याचबरोबर तो फुटायलाही मोकळा असतो, आणि बेळगावच्या महापौर निवडणुकांत हे वारंवार दिसले आहे. मराठी मतदाराने २०२१ मध्ये जे निवडले त्यात काही मिळाले आणि काही गेले. नुसते 'जिंकलो' किंवा 'गद्दारी झाली' म्हटल्याने ते कळत नाही.

युरोपातल्या एका गावसमूहाची हकीकत इथे आठवते. बेल्जियममध्ये वूरेन नावाचा सहा खेड्यांचा टापू आहे, वस्ती जेमतेम चार हजार. १९६३ मध्ये तो फ्रेंचभाषक लिएज प्रांतातून काढून डचभाषक लिम्बुर्ग प्रांताला जोडला गेला. तिथल्या अनेकांना ते मान्य नव्हते, आणि 'लिएजला परत' ही मागणी घेऊन उभा राहिलेला गट ग्रामसभेत वर्षानुवर्षे बहुमतात राहिला. १९८० च्या दशकात तिथले नगराध्यक्ष जोझे हापार यांनी डच भाषेची परीक्षा द्यायला नकार दिला. त्यावरून वाद इतका पेटला की १९८७ मध्ये देशाचे सरकार कोसळले. चार हजार वस्तीच्या टापूने ब्रुसेल्सचे सरकार पाडले! मग २००० साली तिथल्या निवडणुकीत पंधरापैकी आठ जागा डचभाषक गटाने जिंकल्या. त्यामागे एक कारण असे की शेजारच्या नेदरलँड्समधून येऊन स्थायिक झालेल्यांना युरोपीय नागरिक म्हणून तिथल्या स्थानिक निवडणुकीत पहिल्यांदाच मत मिळाले होते. एका जागेच्या फरकाने सभागृह फिरले, आणि त्यानंतर त्या वादाची धार हळूहळू उतरली.

बेळगावचे तसेच होईल, असे कर्नाटकातल्या अनेकांना २०२१ मध्ये वाटले. तसे झाले नाही. मे २०२३ च्या विधानसभेला बेळगाव दक्षिणमध्ये समितीचे रमाकांत कोंडुसकर यांनी साठ हजारांहून जास्त मते घेतली आणि अभय पाटलांशी बारा हजारांच्या आसपासच्या फरकाने हरले. उत्तरेत काँग्रेसचे आसिफ सेठ जिंकले. महापालिकेत समितीला नाकारणारे हेच शहर. यातून एवढे कळते की समितीची मते संपलेली नाहीत. एक उमेदवार, एक चिन्ह आणि ओळखीचा चेहरा मिळाला की ती परत येतात.

निपाणीची तऱ्हा याहून निराळी आहे. १९६७ च्या महाजन आयोगाने बेळगाव कर्नाटकात ठेवले, पण निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले. महाराष्ट्राने तो अहवालच नाकारला, कारण बेळगाव सोडून देणे मान्य नव्हते. म्हणजे निपाणीला जाता आले असते, पण ती बेळगावसाठी थांबली. या त्यागाची आठवण महाराष्ट्रात फार क्वचित काढली जाते. निपाणीच्या राजकारणाला वळण दिले ते तंबाखूने. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर रस्ता रोखून धरला, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मेले. त्यानंतर इथल्या निवडणुकीत भावाचा प्रश्न, कारखाना, सहकारी बँक हे शब्द सीमेइतकेच मोठे झाले. काकासाहेब पाटील काँग्रेसचे आमदार होते, २०१३ पासून शशिकला जोल्ले भाजपच्या आमदार आहेत. २०२३ मध्ये त्यांच्याविरुद्ध राष्ट्रवादीचे उत्तम पाटील उभे राहिले, शरद पवारांनी निपाणीत सभा घेतली, आणि फरक सात-साडेसात हजारांवर आला. काकासाहेब पाटील तिसरे राहिले. तिन्ही उमेदवारांचा प्रचार मराठीतून झाला. इथे मराठी ही निवडणुकीची मागणी राहिलेली नाही, ती निवडणूक ज्या भाषेत होते ती भाषा आहे. बेळगावच्या काही जुन्या कार्यकर्त्यांना याचे वाईट वाटते. मला वाटते, निपाणीकरांनी स्वतःची वाट शोधली आणि तिच्याकडे कमीपणाने पाहू नये.

बेळगावच्या सभागृहाचे पुढे काय झाले? निवडून आलेल्या ५८ जणांना महापौर निवडायला सतरा महिने लागले. आरक्षणाचा तक्ता आणि न्यायालयातली प्रकरणे यांत वेळ गेला. तेवढ्या काळात शहरातली मोठी कामे स्मार्ट सिटीच्या कंपनीकडून आणि अधिकाऱ्यांकडून होत राहिली. बेळगाव २०१६ च्या स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत होते, आणि त्या योजनेचा पैसा महापालिकेच्या सभागृहातून नव्हे, वेगळ्या कंपनीच्या संचालक मंडळातून खर्च होत असे. ज्याच्या ताब्यासाठी एवढा झगडा झाला त्या सभागृहाचे अधिकार त्याच काळात कमी होत गेले, याविषयी मुंबईत किंवा बंगळुरात कोणी अवाक्षर काढले नाही. मला ही त्या निकालानंतरची सर्वांत मोठी उणीव वाटते.

घटनेच्या २४३-यू कलमानुसार महापालिकेची पाच वर्षे निकालापासून नव्हे, पहिल्या सभेपासून मोजतात. ती पहिली सभा ६ फेब्रुवारी २०२३ ला झाली, विधानसभा निवडणूक तीन महिन्यांवर असताना. भाजपने दोन्ही पदांसाठी मराठी भाषक महिला पुढे केल्या. शोभा सोमनाचे बिनविरोध महापौर झाल्या. उपमहापौरपदासाठी समितीच्या वैशाली भातकांडे उभ्या राहिल्या. रेश्मा पाटील यांना ४२ मते पडली, भातकांडे यांना ४.

त्यानंतर या सभागृहात समितीची मोजकी मंडळी एक मागणी पुन्हा पुन्हा करत आली आहेत. सीमा बदलण्याची ती नव्हे. सभेची विषयपत्रिका मराठीतही द्या, एवढीच. एखाद्या भागात पंधरा टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असतील तर त्यांना सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, असे केंद्र सरकारने मान्य केलेले धोरण आहे. बेळगावात हे प्रमाण त्याहून किती तरी जास्त आहे. २०२३ मध्ये महापौर मराठी होते, उपमहापौर मराठी, समोरच्या बाकांवर दोन्ही बाजूंना मराठी बोलणारे नगरसेवक. आणि तरी विषयपत्रिका मराठीतही असावी ही मागणी पुढच्या सभेत पुन्हा मांडावी लागत होती.